नवं इंजिन, जुना रॉकर

आमची फियाट १९७१ सालची आहे, अकराशे डिलाइट. वडिलांनी घेतली तेव्हा मी तिसरीत होतो. आता लोक तिला सरसकट पद्मिनी म्हणतात, कुणी डुक्कर फियाटही म्हणतं. डुक्कर फियाट हिच्या आधीची, गोल पाठीची. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आलं. पण डिलाइट आणि पद्मिनी यांचं इंजिन एकच: १०८९ सीसी, चार सिलिंडर, कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि वर रॉकर. म्हणून पद्मिनी सांभाळणाऱ्यांनाही हा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं. माझे तीन महिने आणि बरेच पैसे गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

२०२३ च्या दिवाळीत गाडी निळा धूर टाकायला लागली. पनवेलहून पळस्प्याला जाऊन आलं की तेलाची काडी बोटभर खाली जायची. इंजिन उतरवायचं ठरलं. जवळच्याच एका गॅरेजला काम दिलं. बोअर करून घेतला, पिस्टन-रिंगा नवीन टाकल्या, बेअरिंगं बदलली. हेडला फेस मारला, व्हॉल्व्ह आणि गाइड नवीन बसवले, सीटा घासून घेतल्या. सगळं मिळून ४८ हजार रुपये झाले. रॉकर आणि रॉकर शाफ्ट मात्र जुनेच ठेवले. "चांगले आहेत, उगाच खर्च कशाला," असं मिस्त्री म्हणाला आणि मलाही ते पटलं. मी ते हातात घेऊन पाहिले नाहीत.

जानेवारीत गाडी घरी आली. लाइन आळीतल्या घरासमोर ती उभी केली, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून ऐकत राहिलो. धूर अजिबात नव्हता. आवाज होता. खट, खट, खट, एकसारखा. आई ओट्यावर बसली होती. तिला वाटलं शेजारी कुणी सुपारी कातरतंय. खरोखर तसाच होता तो, अडकित्त्यासारखा.

गॅरेजला फोन केला. उत्तर आलं, "नवीन इंजिन आहे, बसेल. पाचशे किलोमीटर चालवा आणि घेऊन या." मी विश्वास ठेवला. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने रोज सकाळी शेडुंगपर्यंत, कधी खोपोलीपर्यंत जाऊन यायचो. वेग चाळीस-पंचेचाळीसच्या वर नेला नाही. पाचशे किलोमीटर झाले, आवाज तितकाच.

इथे पहिली गोष्ट सांगून ठेवतो. नव्या रिंगा बोअरमध्ये बसतात, बेअरिंगं थोडी मोकळी होतात, हे खरं आहे. पण टॅपेटची, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली, खटखट चालवून चालवून बसत नाही. ज्या भागातून ती येते तो भाग उलट आणखी झिजतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गाडी परत गॅरेजला नेली. मिस्त्रीने व्हॉल्व्ह कव्हर काढलं आणि अर्ध्या तासात टॅपेट "टाइट" केले. गॅप मोजायचं फिलर गेज बाहेर काढलंच नाही, सगळं हाताच्या अंदाजाने. रॉकर हलवून बघायचा, स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा. हेडचे नट पुन्हा आवळायला हवे होते, तेही राहिलं. गाडी चालू केली तर आवाज गायब. मी खूश झालो. पैसे दिले, वर तिथल्या मुलाला चहाला दिले.

माघी गणेशोत्सवाची गर्दी ओसरल्यावर आईला पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला न्यायचं होतं. तिला त्याच गाडीतून जायचं होतं, वडील न्यायचे तसं. सकाळी सहाला निघालो. थंड इंजिन छान चाललं. कर्नाळ्याचा चढ लागला तसा पिकअप गेला. तिसऱ्या गिअरमध्ये जाणारी गाडी दुसऱ्यात घ्यावी लागली. पेणला गर्दीत थांबलो तर इंजिन मिसिंग मारायला लागलं. वडखळला चहाला थांबलो, बंद केली, पंधरा मिनिटांनी चालू केली तर जरा बरी. पुन्हा तापली की पुन्हा तेच. वाकण फाट्याच्या आधी ती आयडलला बंदच पडायला लागली. मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवून कशीबशी पालीला पोचवली. दर्शन झालं. येताना आई एक शब्द बोलली नाही, ती फक्त दाराचं हँडल धरून बसली होती. त्या दिवशी मला गाडीची भीती वाटली, हे मान्य करतो.

घरी आल्यावर एका ओळखीच्या रिक्षावाल्याने एक नाव सुचवलं. कळंबोलीकडे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी आयुष्यभर मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची कामं केली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा त्यांचं कामही संपलं. आता ते मुलाकडे राहतात आणि मनात आलं तर एखादी गाडी बघतात.

काका रविवारी आले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी विचारलं, "काय काय नवीन टाकलंय?" मी बिलं दाखवली. मग विचारलं, "आवाज कधी गेला?" मी सांगितलं, टॅपेट टाइट केल्यावर. त्यांनी मान हलवली. "अहो, वाजणारा टॅपेट परवडतो. गप्प बसवलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांब होते, एक्झॉस्टची जास्त. त्या वाढीसाठी रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात गॅप ठेवतात. गॅपच ठेवली नाही तर लांब झालेला व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. कॉम्प्रेशन त्या फटीतून निघून जातं. शिवाय व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. तो टेकलाच नाही तर ती उष्णता जाणार कुठे? कड जळते. थंड असताना सगळं ठीक, तापल्यावर मिसिंग आणि पिकअप गायब. माझ्या गाडीचं अगदी हेच होत होतं.

काकांनी इंजिन तापवून कॉम्प्रेशन तपासलं. चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. बॅटरी चांगली हवी, नाहीतर आकडे खोटे येतात. पहिला, तिसरा आणि चौथा सिलिंडर १३० च्या आसपास. दुसरा ९५. माझ्या पोटात गोळा आला. दोन महिन्यांपूर्वी टाकलेला व्हॉल्व्ह जळला की काय?

"आधी गॅप नीट करू, मग रडू," काका म्हणाले.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी आधी हेडचे नट टॉर्क पान्याने ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळले. नवीन गॅस्केट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये दबतं, म्हणून हे करावं लागतं. नट आवळले की हेड किंचित खाली बसतं आणि टॅपेटची गॅप बदलते. त्यामुळे क्रम हाच: आधी हेड, मग टॅपेट. उलट केलं तर दोन्ही वाया.

टॅपेट लावायची काकांची पद्धत सोपी आहे. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२. इंजिन हाताने फिरवायचं. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलताना दिसले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, की तिथे थांबायचं आणि पहिल्याचे दोन्ही लावायचे. पहिल्याचे हलले की चौथ्याचे. दुसरा आणि तिसरा अशीच जोडी. खूण शोधत बसायची गरज नाही. गॅप मात्र पुस्तकातली, इनलेटची वेगळी आणि एक्झॉस्टची वेगळी, आणि फिलर गेज लावूनच. गेजचं पान सरकताना किंचित ओढल्यासारखं लागलं पाहिजे. नट आवळल्यावर पुन्हा एकदा घालून बघायचं, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतो. पहिल्या दोन व्हॉल्व्हना मी हे पुन्हा बघितलं नव्हतं. काकांनी ते परत सोडायला लावले.

दुसऱ्याच्या एक्झॉस्टला तर गॅप अजिबात नव्हती. रॉकर दांडीवर दाबूनच बसला होता.

सगळं झाल्यावर गाडी शेडुंगपर्यंत नेऊन आणली. आयडल सरळ झालं, पिकअप परत आला. तापलेल्या इंजिनावर दुसऱ्याचं कॉम्प्रेशन १२५ आलं. व्हॉल्व्ह वाचला होता. मी काकांना घरात बोलावून पोहे खायला घातले. पण बाहेर गाडी चालूच होती, आणि तिच्यातून पुन्हा तोच अडकित्ता ऐकू येत होता.

आता हा आवाज शोधायचा होता. काकांनी एक गोष्ट माझ्याकडून कबूल करून घेतली: आवाज सापडेपर्यंत एकही स्क्रू फिरवायचा नाही.

आधी त्यांनी नुसती गती ऐकली. कॅम इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. म्हणून टॅपेटचा आवाज इंजिनाच्या मानाने सावकाश येतो, खालच्या बेअरिंगचा ठोका दुप्पट भराभर आणि जड येतो. हा सावकाश होता. मग त्यांनी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा संशय काढला. गॅस्केट फुटलं तर तिथून निघणारी हवा हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक करते आणि मॅनिफोल्ड तापून फुगलं की बरेचदा कमी होते. एक रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक त्यांनी मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं. तिथे काही नव्हतं. पेट्रोल पंपाच्या दांड्याचाही आवाज येतो, तोही ऐकला. नव्हता. मग लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला टेकवून टोक व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टवर ठेवलं, एकेका बोल्टवर. मलाही ऐकायला दिलं. मधल्या बोल्टवर खट एकदम डोक्यात शिरल्यासारखी आली.

पुढचं काम मी पहिल्यांदाच पाहिलं. कव्हर काढून इंजिन अगदी हळू आयडलला ठेवलं. तेल उडू नये म्हणून पुठ्ठा आडवा धरला, तो मी धरला होता. काकांनी जुन्या फिलर गेजचं एक पातळ पान घेतलं. ते पान खराब होतं, म्हणून चांगलं गेज वापरायचं नाही. चालत्या इंजिनात एकेका रॉकरखाली ते सरकवत गेले. पहिल्याखाली घातलं, फरक नाही. दुसऱ्याखाली नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या इनलेटखाली पान गेलं आणि खटखट थांबली. पान काढलं, सुरू झाली. पुन्हा घातलं, पुन्हा थांबली. काका माझ्याकडे बघून हसले.

पण त्या व्हॉल्व्हची गॅप तर आम्ही त्याच सकाळी बरोबर लावली होती! इंजिन थंड झाल्यावर पुन्हा मोजली. गेजने बरोबरच दाखवली. मला कळेना. गेज बरोबर आणि आवाजही खरा, हे एकाच वेळी कसं?

काकांनी रॉकर शाफ्ट उतरवला. तिसऱ्या इनलेटचा रॉकर पुसून माझ्या हातात दिला. व्हॉल्व्हच्या दांडीवर टेकतो तो त्याचा नाकासारखा भाग वरवर गुळगुळीत दिसत होता. "नख फिरवा," ते म्हणाले. नख मध्ये अडकलं. मग त्यांनी फिलर गेजचं पान त्या नाकावर आडवं धरलं आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावला. पानाच्या दोन्ही कडा रॉकरला टेकल्या होत्या. मधून उजेडाची बारीक रेघ येत होती. तिथे व्हॉल्व्हच्या दांडीएवढाच रुंद खड्डा पडला होता.

सगळं उलगडलं. गेजचं पान सपाट आणि रुंद असतं. ते खड्ड्यात उतरत नाही, खड्ड्यावर फळीसारखं आडवं बसतं. म्हणजे गेज खड्ड्याच्या वरची गॅप मोजतं आणि खड्ड्याची खोली हिशेबात येतच नाही. दांडीचं टोक मात्र खड्ड्यात जातं, आणि तेवढी गॅप जास्त पडते. लेथवाल्याकडून डायल गेज आणून मोजलं तेव्हा खरी गॅप गेजने दाखवलेल्या गॅपच्या दुपटीहून जास्त निघाली.

मी विचारलं, मग आधी का वाजत नव्हती? काका म्हणाले, "थोडी वाजत असेलच, धुराच्या काळजीत तुम्ही ऐकली नसेल." दुसरं कारण त्यांनी दिलं ते मला जास्त पटलं. जुना व्हॉल्व्ह आणि जुना रॉकर पन्नास वर्षं एकमेकांवर घासून एकमेकांच्या आकाराचे झाले होते. आता दांडीचं टोक नवं, सपाट. त्यात सीटा घासल्यामुळे व्हॉल्व्हची उंची बदलली, म्हणजे टेकण्याची जागाही सरकली. शिवाय गॅरेजमध्ये आठही रॉकर एकाच रॉकेलच्या थाळीत टाकले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुठला कुठे बसवला, कोण सांगणार?

शाफ्टही झिजला होता. खालच्या बाजूला, जिथे रॉकर दाबून बसतो, तिथे पायरी हाताला लागत होती. टोकाची बुचं काढून काकांनी तार घातली तर आतून डांबरासारखा काळा गाळ निघाला. एक भोक जवळजवळ बंद होतं. त्या रॉकरला तेल पुरत नव्हतं. इंजिन बांधताना हा शाफ्ट आतून धुतलाच नव्हता. ४८ हजारांच्या कामात ही एक गोष्ट राहिली.

लेथवर नाक घासून खड्डा काढता येतो का, असं मी विचारलं. अगदी थोडा असेल तर त्याची गोलाई सांभाळून काढता येतो. पण वरचा थर कडक केलेला असतो. तो घासून गेला की खालचं मऊ लोखंड महिन्याभरात पुन्हा खाल्लं जातं. माझ्या रॉकरचा खड्डा खोल होता. बदलणंच भाग होतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणं बंद होऊन पाव शतक होत आलंय. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या या गाड्यांचे भाग आता जुन्या बाजारातच शोधावे लागतात. ऑपेरा हाउसला दोन दुकानं पाहिली, मिळालं नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला एका दुकानात रॉकरसकट शाफ्ट मिळाला, वापरलेला, २,२०० रुपयांना. मी दुकानातच प्रत्येक रॉकरवर नख फिरवून पाहिलं आणि पान लावून मागून टॉर्च धरला. एक नाकारला. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरा दिला.

शाफ्ट बसवण्याआधी काकांनी आणखी एक खात्री करून घेतली. डायल गेज पुशरॉडच्या टोकावर ठेवून इंजिन हाताने फिरवलं आणि आठही पुशरॉड किती उचलले जातात ते लिहून घेतलं. कॅमचा एखादा उंचवटा झिजला असेल तर तिथली उचल कमी दिसते. चारही इनलेट एकसारखे, चारही एक्झॉस्ट एकसारखे. कॅम चांगला होता. पुशरॉड काचेवर लोळवून सरळ आहेत का तेही पाहिलं. मग शाफ्ट तेल लावून बसवला, रॉकरखाली तेल येईपर्यंत प्लग काढून सेल्फने इंजिन फिरवलं, आणि टॅपेट पुन्हा लावले. या वेळी आठही मी लावले, काका स्टुलावर बसून बघत होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन चालू केलं. आवाज शून्य झाला नाही. या इंजिनाला हलकी, एकसारखी टिकटिक असतेच आणि ती असायलाच हवी. काकांनी मला पाच मिनिटं ती नुसती ऐकायला लावली. "हा आवाज कानात ठेवा," म्हणाले. "कमी झाला तरी तपासा, वाढला तरी तपासा." त्यांनी १,५०० रुपये घेतले. मी जास्त देत होतो, ते घेतले नाहीत.

हजार किलोमीटर झाल्यावर मी एका रविवारी सकाळी थंड इंजिनावर गॅप तपासल्या. सहा जशाच्या तशा होत्या. दोन एक्झॉस्ट थोडे घट्ट झाले होते, नवीन व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत असताना असं होतं. ते लावले. तारीख, किलोमीटर आणि आठही आकडे एका वहीत लिहिले. ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे.

त्याच दिवशी दुपारी आईला घेऊन पुन्हा पालीला निघालो. कर्नाळ्याचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये गेला. वडखळला चहाला थांबलो तेव्हा मी मुद्दाम इंजिन चालू ठेवलं. आईने काच खाली केली आणि थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाली, "सुपारी संपली वाटतं त्याची."